विश्लेषण : धाराशिवच्या आकाशात ‘अनोळखी’ काही दिसले तर? कळवायचे कुणाला, तपास करते कोण?

रात्री नऊचा सुमार. गावाबाहेर शेतावर थांबलेल्या कुणाला तरी आकाशात लुकलुकणारा दिवा दिसतो. मोबाइल बाहेर येतो, वीस सेकंदांचा व्हिडिओ गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो आणि अर्ध्या तासात तो शेजारच्या तालुक्यात ‘आपल्या गावावर ड्रोन’ म्हणून फिरू लागतो. तोवर मूळ दिवा निघून गेलेला असतो. कोणत्या दिशेला होता, किती वेळ दिसला, आवाज होता का, हे कुणीच लिहून ठेवलेले नसते.

आकाशात अनोळखी वस्तू दिसली की चर्चा परग्रहवासीयांपासून चोरांच्या टोळ्यांपर्यंत कुठेही जाते. मात्र गेल्या काही वर्षांत मराठवाडा आणि विदर्भात आकाशातून खरोखरच दगड पडला आहे, रॉकेटचे अवशेष पडले आहेत आणि ड्रोनच्या भीतीने गावेच्या गावे जागीही राहिली आहेत. यातल्या प्रत्येक प्रकाराचा तपास वेगळी यंत्रणा करते. ही व्यवस्था कशी चालते आणि सामान्य माणसाने नेमके काय करावे, याचा हा आढावा.

‘अनोळखी’ म्हणजे नेमके काय?

‘यूएफओ’ या शब्दाचा अर्थ फक्त ‘ओळख न पटलेली उडती वस्तू’ एवढाच आहे. ती परग्रहावरची असल्याचा दावा त्यात नाही. अलीकडे अमेरिकी सरकार आणि नासा ‘यूएपी’, म्हणजे ‘ओळख न पटलेली असामान्य घटना’, हा शब्द वापरतात. ओळख पटली नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा पुरेशी माहिती मिळाली नाही एवढाच असतो.

नासाने नेमलेल्या स्वतंत्र अभ्यासगटाने १४ सप्टेंबर २०२३ रोजी अहवाल दिला. अशा घटनांमागे परग्रहवासी असल्याचा पुरावा नाही, हा त्याचा एक निष्कर्ष. दुसरा निष्कर्ष आपल्या अधिक कामाचा आहे. चांगल्या दर्जाच्या नोंदी नसणे हीच तपासातली सर्वांत मोठी अडचण आहे, असे या गटाने म्हटले. गावातल्या व्हिडिओलाही हेच लागू होते.

धाराशिवच्या आकाशात रोज काय काय असते?

पहिली गोष्ट म्हणजे विमाने. मुंबई आणि हैदराबाद विमानतळांना जोडणारी सरळ रेषा नकाशावर ओढली तर ती तुळजापूरच्या आसपासून जाते. प्रत्यक्ष हवाई मार्ग थोडे वळतात. तरीही जिल्ह्यावरून रात्रभर विमाने जातात, ती दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून. विमानाच्या डाव्या पंखावर लाल, उजव्या पंखावर हिरवा आणि शेपटीकडे पांढरा दिवा असतो, शिवाय लखलखणारे दिवे वेगळे. विमान थेट आपल्या दिशेने येत असेल तर त्याचा दिवा काही मिनिटे एकाच जागी टांगल्यासारखा दिसतो.

दुसरी गोष्ट पवनचक्क्या. बालाघाटच्या पठारावर, भूम-वाशी परिसरात, त्या मोठ्या संख्येने उभ्या आहेत. उंच मनोऱ्यांवर विमानांना इशारा देणारे लाल दिवे असतात. धुके किंवा धूळ असली की मनोरा दिसत नाही, लाल दिवा तेवढा अधांतरी दिसतो.

तिसरी गोष्ट ग्रह-तारे. शुक्र संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला इतका तेजस्वी असतो की तो दिवाच वाटतो. क्षितिजाजवळचा व्याध तारा हवेच्या थरांमुळे लाल, निळा, हिरवा असा रंग बदलताना दिसतो. ‘रंग बदलणारा ड्रोन’ या वर्णनामागे अनेकदा तोच असू शकतो.

चौथी गोष्ट उपग्रह. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जाते आणि एका वेळी जास्तीत जास्त पाच-सहा मिनिटे दिसते. ‘स्टारलिंक’चे उपग्रह प्रक्षेपणानंतरचे काही दिवस एका माळेत जाताना दिसतात. सूर्यास्तानंतर जमिनीवर अंधार पडलेला असतो, पण एवढ्या उंचीवर ऊन असते. म्हणून ही माळ चमकते आणि पृथ्वीच्या सावलीत शिरताच एकेक दिवा विझल्यासारखी नाहीशी होते.

पाचवी गोष्ट फुगे. हवामान खात्याचे फुगे तर असतातच. त्याशिवाय हैदराबाद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बलून केंद्र आहे. तिथून सोडलेले प्लास्टिकचे अवाढव्य फुगे ३० ते ४२ किलोमीटर उंचीवर जातात. त्यांची उपकरणे ज्या जिल्ह्यांत उतरू शकतात, त्यांच्या जाहीर केलेल्या यादीत लातूर, नांदेड, सोलापूर यांच्यासोबत आपला जिल्हाही आहे. उमरगा हैदराबादपासून सरळ रेषेत साधारण दोनशे किलोमीटरवर आहे, हे लक्षात घेतले तर त्यात नवल नाही. डिसेंबर २०२२ मध्ये तेलंगणातील विकाराबाद जिल्ह्यात शेतात उतरलेली गोलाकार कुपी पाहायला गर्दी लोटली होती. ती एका स्पॅनिश अंतराळ पर्यटन कंपनीची चाचणी कुपी होती आणि याच केंद्रातून फुग्याच्या साह्याने वर गेली होती.

आणि सहावी गोष्ट अर्थातच ड्रोन.

डोळा कुठे फसतो?

रात्रीच्या आकाशात एकट्या दिव्याचे अंतर डोळ्यांना कळत नाही. एक साधे गणित पाहा. क्षितिजापासून ३० अंश उंचीवर एक दिवा दिसतो आहे. तो १२० मीटर उंचीवरचा ड्रोन असेल तर तुमच्यापासून २४० मीटरवर आहे. ११ किलोमीटर उंचीवरचे विमान असेल तर २२ किलोमीटरवर आहे. ५५० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह असेल तर सुमारे हजार किलोमीटरवर आहे. तिन्ही दिवे डोळ्यांना एकाच जागी दिसतात. ‘आमच्या वस्तीवरच होता’ असे सांगणारा खोटे बोलत नसतो, पण ते अंतर त्याने मोजलेलेही नसते.

वेळेवरून मात्र बरेच कळते. चार पंख्यांचा सर्वसाधारण बॅटरीवरचा ड्रोन अर्धा तास हवेत राहिला तरी खूप झाले. दोन तास एकाच जागी दिसणारा दिवा ड्रोन असण्याची शक्यता फार कमी. तो हळूहळू पश्चिमेकडे सरकत मावळला, तर ग्रह किंवा तारा. पाच मिनिटांत आकाश पार केले, लुकलुकला नाही आणि आवाजही नाही, तर उपग्रह.

मोबाइलचा कॅमेरा गोंधळात भर घालतो. अंधारात पूर्ण झूम केला की फोकस सुटतो आणि बिंदूएवढा तारा गोल तबकडीसारखा दिसू लागतो. व्हायरल व्हिडिओंतल्या अनेक ‘तबकड्या’ अशाच तयार होतात.

२०२४ च्या ‘ड्रोन’ प्रकरणाने काय शिकवले?

जून-जुलै २०२४ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांसह बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर, धाराशिव अशा मराठवाड्यातील भागांतून रात्री ड्रोन घिरट्या घालत असल्याच्या तक्रारी आल्या. चोर आधी ड्रोनने टेहळणी करतात आणि मग घर फोडतात, ही चर्चा गावोगावी पसरली. तरुणांनी काठ्या घेऊन रात्रीची गस्त सुरू केली. पोलिसांना अफवांवर विश्वास ठेवू नका, असे आवाहन करावे लागले. विधिमंडळाच्या पावसाळी अधिवेशनातही हा विषय निघाला.

ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. शेतवस्तीवरचे घर एकटे असते, पोलिस ठाणे लांब असते. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप सोसलेल्या लोहारा-उमरगा पट्ट्यात रात्री दचकून उठण्याची कारणे वेगळी सांगावी लागत नाहीत.

खरा धोका भीतीच्या पुढच्या पायरीवर आहे. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून आलेले, भिक्षा मागून पोट भरणारे भटक्या समाजातील लोक होते. तिथेही आधी व्हॉट्सॲपवर संदेश फिरले होते. काठ्या घेऊन जागणाऱ्या गावात रात्री रस्ता चुकलेला दुचाकीस्वार, ऊसतोड मजूर किंवा पाहुणा शिरला तर काय होऊ शकते, याचे उत्तर राईनपाड्यात आहे.

असेच प्रकरण त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत घडले. न्यू जर्सी राज्यात रात्री ड्रोन दिसत असल्याच्या पाच हजारांहून अधिक सूचना तपास यंत्रणा एफबीआयकडे आल्या. त्यातील सुमारे शंभरच पुढील तपासायोग्य निघाल्या. कायदेशीर ड्रोन, विमाने, हेलिकॉप्टर आणि चुकून ड्रोन समजले गेलेले तारे, असा यंत्रणांचा डिसेंबर २०२४ मधील निष्कर्ष होता. म्हणजे अशी गफलत फक्त खेड्यातच होते किंवा अडाणीपणामुळे होते, असे नाही.

ड्रोन खराच असेल तर कायदा काय सांगतो?

देशात ‘ड्रोन नियम २०२१’ लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, दोन किलोपर्यंतचा मायक्रो, २५ किलोपर्यंतचा लहान, अशी वजनानुसार वर्गवारी आहे. ड्रोनची नोंदणी करून त्याला स्वतंत्र ओळख क्रमांक घ्यावा लागतो. आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे विभाग आहेत. हिरव्या विभागात साधारण ४०० फुटांपर्यंत उड्डाणाला वेगळी परवानगी लागत नाही. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

म्हणजे आकाशात ड्रोन दिसला, एवढ्याने गुन्हा ठरत नाही. गावठाण मोजणीची स्वामित्व योजना, रस्ते आणि पवनचक्क्यांची सर्वेक्षणे, फवारणी, लग्नाचे शूटिंग, अशा कामांसाठी ड्रोन वापरले जातात. अडचण ही की ओळख क्रमांक ड्रोनच्या अंगावर असतो आणि रात्री खाली उभ्या माणसाला तो दिसणे शक्य नाही. म्हणून परवानगीने होणाऱ्या सर्वेक्षणाची तारीख-वेळ ग्रामपंचायतीच्या फलकावर आधी लागली, तर निम्मी भीती तिथेच संपेल.

दगड मारून ड्रोन पाडण्याचा प्रयत्न मात्र करू नये. तो कुणाच्या डोक्यावर पडू शकतो आणि फुटलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. खोटी माहिती पसरवून घबराट निर्माण केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली कारवाई होऊ शकते.

आकाशातून खरोखरच काही पडले तर?

जून २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात हे घडले. वाशी येथे सकाळी शेतात काम करणाऱ्या एका शेतकऱ्यापासून काही फुटांवर दोन किलोंहून अधिक वजनाचा दगड येऊन पडला. त्याने तो लपवला नाही किंवा फोडला नाही. दगड तहसील कार्यालयात पोहोचला आणि तिथून भूवैज्ञानिक तपासणीसाठी पाठवण्यात आला.

त्याने केले ते योग्य का, हे नागपूर जिल्ह्यातील काटोलच्या उदाहरणावरून कळते. तिथे २२ मे २०१२ रोजी अशनी, म्हणजे उल्केचे जमिनीपर्यंत पोहोचलेले तुकडे, पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ते गोळा केले. पुढे आयआयटी खरगपूरच्या संशोधकांच्या गटाला त्यात ब्रिजमनाइट हे खनिज सापडले. पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल असणारे हे खनिज एरवी हाती लागत नाही. तुकडे कुणाच्या देव्हाऱ्यात किंवा कपाटात राहिले असते तर हा शोध लागला नसता.

दुसरे उदाहरण चंद्रपूरचे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातील लाखो लोकांनी आकाशात जळत जाणारी रेघ पाहिली. सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले, तर पवनपार परिसरात धातूचा गोळा सापडला. सुरुवातीला त्याच दिवशी न्यूझीलंडहून सुटलेल्या रॉकेटचे नाव पुढे आले. नंतर अमेरिकी खगोलतज्ज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी हे चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटच्या टप्प्याचे अवशेष असल्याचे सांगितले. तो टप्पा फेब्रुवारी २०२१ मध्ये उडाला होता. इस्रोचे शास्त्रज्ञही पाहणीसाठी गावात आले. पहिला अंदाज बदलला तो वेळ, दिशा आणि कक्षा यांची जुळणी केल्यावर.

सिंदेवाही धाराशिवपासून सरळ रेषेत साधारण साडेचारशे किलोमीटरवर आहे. पण ८० किलोमीटर उंचीवर जळणारी वस्तू हवा स्वच्छ असेल तर हजार किलोमीटरवरूनही क्षितिजावर दिसू शकते. म्हणूनच अशा वेळी प्रत्येक गावाला ती ‘पलीकडच्या शिवारात’ पडल्यासारखी वाटते.

पंचनामा महत्त्वाचा का?

रॉकेटच्या टाकीत विषारी इंधनाचा अंश असू शकतो, म्हणून हात लावू नये, हे पहिले कारण. दुसरे कारण भरपाईचे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारानुसार अंतराळातून पडलेल्या वस्तूमुळे जमिनीवर नुकसान झाले तर ती सोडणारा देश जबाबदार असतो. भारत या कराराचा सदस्य आहे. दावा शेतकऱ्याला थेट करता येत नाही, तो भारत सरकारमार्फत आणि साधारण एका वर्षाच्या आत करावा लागतो. सोव्हिएत संघाचा ‘कॉसमॉस ९५४’ हा अणुऊर्जेवरचा उपग्रह जानेवारी १९७८ मध्ये कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडाने साफसफाईचा हिशोब मांडला आणि १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलर मिळवले. गोठा पडला, जनावर दगावले आणि पंचनामाच नसेल, तर सरकार दावा कशाच्या आधारे करणार?

तपास नेमका कोण करते?

भारतात यूएफओसाठी नागरिकांच्या तक्रारी घेणारे स्वतंत्र कार्यालय नाही. वस्तूच्या प्रकारानुसार तपास वाटला जातो. संशयास्पद ड्रोन किंवा अफवा असेल तर पोलिस. पडलेली वस्तू असेल तर पोलिस आणि तहसीलदार, पुढे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. दगड असेल तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण. रॉकेट किंवा उपग्रहाचा तुकडा असेल तर इस्रो. अंतराळातील वस्तूंवर लक्ष ठेवण्यासाठी बेंगळुरूला इस्रोचे स्वतंत्र केंद्र आहे. पॅराशूटला बांधलेले उपकरण असेल तर त्यावर पत्ता आणि सूचना असतात. न उघडता जवळच्या पोलिस ठाण्याला कळवणाऱ्यास टाटा संस्थेचे बलून केंद्र बक्षीस देते. काही उपकरणांत उच्च दाबाची वीज असू शकते, त्यामुळे ती खोलणे धोक्याचे.

विमान वाहतुकीला धोका वाटला तर हवाई दल उतरते. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी इम्फाळ विमानतळावर अनोळखी वस्तू दिसल्याने काही तास उड्डाणे थांबली आणि शोधासाठी राफेल विमाने पाठवली गेली. त्यांना काही सापडले नाही.

दिसले तर काय टिपावे, कुठे कळवावे?

* वेळ : सुरू आणि संपल्याची, मिनिटासह.
* दिशा : मोबाइलमधील होकायंत्र पुरेसे आहे. ‘पाटलाच्या विहिरीच्या बाजूला’ हे गावाला कळते, तपासणाऱ्याला नाही.
* उंची : हात ताठ पुढे धरून मूठ आवळा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. क्षितिजापासून किती मुठी, ते लिहा.
* व्हिडिओ : झूम न करता, चौकटीत झाड, खांब किंवा छप्पर येईल असा घ्या. मोबाइल भिंतीला टेकवा. मूळ फाइल जपून ठेवा, कारण व्हॉट्सॲपवरून गेलेल्या व्हिडिओतील बारकावे आणि मूळ नोंदी गळतात.
* आवाज, रंग, लुकलुकणे, किती जणांनी आणि कुठून पाहिले, हेही नोंदवा. दोन वेगळ्या गावांतून एकाच वेळी घेतलेली दिशा मिळाली तर जागेचा चांगला अंदाज बांधता येतो.
* ग्रुपवर टाकण्यापूर्वी फ्लाइटरडार२४ वर विमान आणि स्टेलॅरियमवर ग्रह-तारे तपासा. दोन मिनिटांचे काम आहे.
* धोका वाटला तर ११२, पडलेली वस्तू असेल तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७. पोलिस पाटलांना आणि तलाठ्यांना कळवा. वस्तूपासून लांब राहा, मुलांना लांब ठेवा.
* दगड असेल तर धुऊ नका, फोडू नका, लोहचुंबक लावू नका. स्वच्छ पिशवीत ठेवा आणि पडल्याच्या जागेचा फोटो घ्या.

अडते कुठे?

माहिती खालून वर जाण्याचा रस्ता आहे. वाशीचा दगड त्याच रस्त्याने गेला. पण वरचे उत्तर गावापर्यंत परत येण्याची ठरलेली पद्धत नाही. फ्रान्समध्ये १९७७ पासून अंतराळ संस्थेअंतर्गत एक छोटा विभाग अशा नोंदी तपासतो. सध्या त्याचे नाव गेइपान आहे. २००७ पासून तो आपल्या फाइली इंटरनेटवर खुल्या करतो. ‘हा शुक्र होता’, ‘हे विमान होते’, ‘याची ओळख पटली नाही’, असे सरळ लिहिलेले असते. पाहणाऱ्याला उत्तर मिळते आणि पुढच्या वेळी तो पुन्हा कळवतो.

धाराशिवमध्ये यासाठी नवे कार्यालय नको. आठ तालुक्यांच्या तक्रारी एकाच नमुन्यात नोंदवणारी एक वही, जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांची मदत आणि आठवड्याच्या आत पोलिसांच्या किंवा जिल्हा प्रशासनाच्या समाजमाध्यम खात्यावर दोन ओळींचे उत्तर, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. २०२४ च्या त्या रात्रींमध्ये एखाद्या गावाला ‘काल साडेनऊला दिसले ते विमान होते, हा त्याचा मार्ग’ असे सकाळी कळले असते, तर त्या रात्रीची गस्त तरी नक्कीच कमी झाली असती.